वाडी, शाळा आणि एकटा मास्तर : ‘बनगरवाडी’ व ‘खसाक’ यांच्या निमित्ताने एकशिक्षकी शाळेचा इतिहास

१

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात मराठी कादंबरी शिकवताना एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. आपण ज्याला वाङ्मयीन प्रश्न समजतो तो अन्य भाषांतून आलेल्या विद्यार्थ्यांना तसा वाटत नाही आणि आपण ज्याकडे केवळ पार्श्वभूमी म्हणून पाहतो तेथेच ते अडतात. तौलनिक साहित्याच्या वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) इंग्रजी अनुवादातून वाचून झाली, तेव्हा मी प्रादेशिकता, निवेदकाची अलिप्तता आणि चित्रमय शैली या परिचित मुद्द्यांवर चर्चा नेण्याच्या तयारीत होतो. पालक्काडकडील एका विद्यार्थिनीने मात्र एकच प्रश्न विचारला : “ती शाळा पुढे पुन्हा उघडली का?” तिच्या भाषेत अशाच एका शाळेची कादंबरी आहे आणि तीही शाळा सोडून मास्तर निघून जाण्यापाशीच संपते, असे तिने सांगितले. ती कादंबरी म्हणजे ओ. व्ही. विजयन यांची ‘खसाक्किंटे इतिहासम्’ (१९६९).

हा प्रश्न मला त्या वेळी भाबडा वाटला. कादंबरी संपल्यावर तिच्यातील शाळेचे काय झाले, असे विचारणे म्हणजे कलाकृती आणि वास्तव यांची गल्लत करणे, असे आपण शिकलेले असतो. परंतु त्यानंतर या दोन कृती शेजारी ठेवून वाचताना असे लक्षात आले की, प्रश्न मुळीच भाबडा नव्हता. दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी एक ऐतिहासिक संस्था आहे : विरळ वस्तीतील, एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा. या संस्थेला स्वतःचा इतिहास आहे, तिच्याविषयी शंभरहून अधिक वर्षे चाललेला एक वाद आहे आणि त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाची रूपरेषा मांडून तिच्या प्रकाशात या दोन कादंबऱ्यांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. ‘बनगरवाडी’चा राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘गावाला भिंती नव्हत्या’ असा होतो. शीर्षक आकर्षक असले तरी त्यात मूळ शब्दातील ‘वाडी’ जाऊन तिच्या जागी ‘गाव’ आले आहे. मराठी वाचकाला हा फरक सांगावा लागत नाही. गाव म्हणजे पाटील-कुलकर्णी, बारा बलुतेदार, चावडी, देऊळ, आठवड्याचा बाजार आणि महसुली दप्तरातील स्वतंत्र नोंद. वाडी म्हणजे बहुधा एकाच जातीची किंवा एकाच भावकीची, मूळ गावापासून तुटून रानात वसलेली पाच-पन्नास घरे. तिच्या गरजा गावावर अवलंबून असतात आणि तिची नोंदही पुष्कळदा गावाच्याच नावाखाली होते. बनगरवाडी ही धनगरांची वाडी आहे. आटपाडी तालुक्यातील लेंगरेवाडी हे तिचे मूळ मानले जाते. माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त मुलखात मेंढरे हेच तेथील धन असते आणि मेंढरे चाऱ्याच्या मागे जात असल्याने वस्तीसुद्धा वर्षातील काही महिने निम्मीशिम्मी रिकामी होत असते.

खसाकची गोष्ट वेगळी आहे. मलबारमध्ये महाराष्ट्रासारखे घट्ट बांधलेले गाव मुळातच नाही. आपापल्या परड्यात विखुरलेली घरे आणि त्यांना महसुली सोयीसाठी एकत्र बांधणारे ‘देशम्’ व ‘अंशम्’ हे घटक, अशी तेथील रचना होती. खसाकमध्ये रावुत्तर मुसलमान आणि ईळव यांची वस्ती आहे, ताडाची रांग आहे, भातखाचरे आहेत आणि जवळ चेतलीचा डोंगर आहे. पालक्काडजवळील तसराक् या वस्तीवरून विजयन यांनी ती उभी केली. १९५६ मध्ये त्यांच्या बहिणीची तेथील एकशिक्षकी शाळेत नेमणूक झाली होती आणि कुटुंबाबरोबर विजयनही तेथे राहिले होते.

येथे आणखी एका शब्दाविषयी सांगणे इष्ट होईल. मराठी वाचक ‘खसाक्किंटे इतिहासम्’ या शीर्षकाचा अर्थ सहजपणे ‘खसाकचा इतिहास’ असा करील आणि फसेल. मल्याळम्‌मध्ये घडून गेलेल्या घटनांच्या शास्त्राला ‘चरित्रम्’ म्हणतात, तर ‘इतिहासम्’ म्हणजे रामायण-महाभारतासारखे पुराकथात्मक महाकाव्य. मराठीत नेमके उलट झाले : ‘इतिहास’ शास्त्राकडे गेला आणि ‘चरित्र’ व्यक्तीपुरते उरले. स्वतः विजयन यांनी केलेल्या इंग्रजी रूपांतराच्या (१९९४) शीर्षकात म्हणूनच ‘आख्यायिका’ या अर्थाचा शब्द आहे. एकाच संस्कृत शब्दाच्या या दोन वाटा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. ज्या वस्तीला ‘चरित्रम्’ लाभत नाही तिला ‘इतिहासम्’ कसा मिळतो, हाच विजयन यांच्या शीर्षकामागील प्रश्न आहे, असे म्हणता येईल.

३

विरळ वस्ती आणि शाळा यांचे नाते इंग्रजी अमदानीच्या प्रारंभापासून आकड्यांच्या भाषेत मांडले गेले. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये देशी शाळांची पाहणी करण्याचा आदेश दिला. १८२६ च्या त्याच्या टिपणात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असा हिशोब येतो. लोकसंख्येशी प्रमाण काढून सुमारे हजार माणसांमागे एक शाळा, असे त्याने म्हटले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात अशीच पाहणी सुरू झाली आणि १८२९ च्या सुमारास तेथे साधारण सतराशे शाळा नोंदल्या गेल्या. बंगालमध्ये विल्यम अ‍ॅडमने १८३५ ते १८३८ या काळात तीन अहवाल सादर केले. बंगाल-बिहारात सुमारे एक लाख ग्रामशाळा असाव्यात, हा त्याचा अंदाज पुढे शतकभर वादाचा विषय झाला.

या शाळा कशा होत्या? मराठी मुलखात पंतोजी, तमिळ मुलखात ओट्यावरची ‘तिण्णै’ शाळा, बंगालमध्ये गुरुमहाशयांची पाठशाळा, ओडिशात अवधानांची चाटशाळी. नावे निरनिराळी असली तरी एक लक्षण समान होते : शिक्षक एकच. धुळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचन, पावकी-निमकी-सवायकी-दीडकीची उजळणी, आणि मोबदला धान्यात किंवा सणावारी मिळणाऱ्या शिध्यात. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’मधील (१९२९) अपूचे गुरुमहाशय किराणा दुकान आणि पाठशाळा एकाच जागी चालवतात. हा प्रसंग विनोदी असला तरी ऐतिहासिक दृष्ट्या अचूक आहे. शिक्षकाच्या पोटाची सोय शिकवण्याने पूर्ण होत नसे, म्हणून त्याला दुसरा व्यवसाय लागे.

एक शिक्षक अनेक इयत्ता कसा सांभाळतो, या प्रश्नाचे उत्तरही या शाळांनीच दिले होते. थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवायचे. मद्रासमधील अनाथालयाचा प्रमुख असताना अँड्र्यू बेल याने एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ती पद्धत त्याने आपल्या संस्थेत आणली, तीत मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची व्यवस्था बसवली आणि १७९७ मध्ये तिच्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून पसरली. पुढे वसाहतीतील अधिकारी ज्या शाळेला मागासलेली ठरवत होते, तिच्यातीलच एक युक्ती इंग्लंडमधील गरिबांच्या शिक्षणाचा पाया झाली होती, ही गोष्ट आजही पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

मात्र या शाळांचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. हजार माणसांमागे एक शाळा या प्रमाणात दोनशे माणसांच्या वाडीच्या वाट्याला शाळेचा पाचवा हिस्सा येतो आणि पाचव्या हिश्शाची शाळा कोणी उघडत नाही. पंतोजी ठेवण्याइतके धान्य आणि अक्षरांची गरज ज्या गावात होती तेथे शाळा होती. मेंढरे राखणाऱ्यांच्या वस्तीत ती बहुधा नव्हतीच. मुली आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जाती यांना तर गावातील शाळाही जवळपास बंदच होती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमके याच विषमतेवर बोट ठेवले. महसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्यांनी त्याबरोबरच प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली होती. वाडीवर जाऊन राहील असा शिक्षक कोठून आणायचा, या प्रश्नाचे हे पहिले स्पष्ट उत्तर होय.

४

विसाव्या शतकात प्रश्नाचे रूप बदलले. शाळा हवी की नको, हा वाद मागे पडून किती मुलांसाठी शाळा परवडते, हा वाद पुढे आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात, ज्या भागात आधीच तेहतीस टक्के मुलगे शाळेत जातात तेथेच सक्ती लागू करता येईल, अशी अट होती. सरकारी बाकांना घाबरवू नये म्हणून घातलेली ही अट समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम मात्र असा होता की, जेथे शाळा नव्हती तेथे ती येण्याचे कारणही नव्हते. १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. त्याच सुमारास काही संस्थाने पुढे गेली होती. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये राज्यभर सक्ती आणली, तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला.

१९२९ मध्ये सर फिलिप हार्टोग यांच्या समितीचा अहवाल आला आणि ‘गळती’ व ‘स्थगिती’ हे शब्द शिक्षणाच्या परिभाषेत कायमचे रुजले. समितीच्या मते खेड्यापाड्यांतील लहान, एकशिक्षकी शाळांवर होणारा खर्च मोठ्या प्रमाणात वाया जात होता. म्हणून विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर द्यावा, असा तिचा निष्कर्ष होता. या भूमिकेला सर्वांत सविस्तर उत्तर एका मराठी माणसाने दिले, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. रा. वि. परुळेकर (१८८६–१९५७) यांनी ‘भारतातील साक्षरता’ या आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९३९) असा युक्तिवाद केला की, जेथे बहुसंख्य लोक निरक्षर आहेत तेथे गुणवत्तेच्या नावाने शाळांची संख्या रोखणे म्हणजे उरलेल्यांना कायमचे बाहेर ठेवणे होय. गांधीजींनी २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये, भारत पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला आहे, असे विधान केले आणि हार्टोग यांनी त्याला आव्हान दिले. त्या वादात अ‍ॅडमच्या एक लाख शाळा हे मिथक आहे, असे हार्टोग यांचे म्हणणे होते. परुळेकर अ‍ॅडमच्या बाजूने उभे राहिले. ‘शाळा’ कशाला म्हणायचे, हा त्या वादाचा खरा गाभा होता. इमारत, दप्तर आणि पट असलेल्या संस्थेलाच शाळा म्हणायचे, की एका माणसाभोवती जमलेल्या दहा मुलांनाही?

परुळेकरांचे सहकारी जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांनी १९५३ मध्ये एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विरळ वस्तीच्या देशात अशी शाळा ही तात्पुरती अडचण नसून दीर्घकाळ टिकणारे वास्तव आहे, तेव्हा तिला नावे ठेवण्यापेक्षा तिच्यासाठी शिक्षक तयार करावेत आणि अनेक इयत्ता एकत्र शिकवण्याचे तंत्र विकसित करावे, अशी त्यांची भूमिका होती. दरम्यान १९३८ नंतर मुंबई प्रांतात व्हॉलंटरी शाळांच्या योजनेखाली कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने शाळा नसलेल्या गावांत पाचशेहून अधिक शाळा उघडल्या होत्या. नाईकांची पुस्तिका आणि माडगूळकरांची कादंबरी यांच्यात दोनच वर्षांचे अंतर आहे, याकडे मराठी समीक्षेचे लक्ष गेलेले दिसत नाही.

५

‘बनगरवाडी’चा काळ औंध संस्थानाचा आहे. भवानराव पंतप्रतिनिधींचे हे चिमुकले संस्थान सूर्यनमस्कार, चित्रसंग्रहालय आणि स्वतंत्रपूरची मुक्त कारागृह वसाहत यांसाठी प्रसिद्ध होते. १९३९ मध्ये राजांनी स्वतः आपले अधिकार कमी करून ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली. त्या संस्थानाच्या शिक्षण खात्याने पाठवलेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर पायी चालत वाडीत येतो. तो नवी शाळा काढायला आलेला नाही. बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करायला आलेला आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. कादंबरी सुरू होण्यापूर्वी शाळा एकदा मिटून गेलेली आहे. तेव्हा शेवटी ती पुन्हा मिटते, ही आकस्मिक शोकांतिका नसून त्या संस्थेच्या आयुष्याची नेहमीची लय आहे.

वाडीतील लोकांना मास्तराची गरज वाटू लागते ती मुलांच्या शिक्षणामुळे नव्हे. अर्ज, पैशाचे व्यवहार, भाऊबंदकीचे तंटे, तालुक्याच्या गावचे काम, असे सारे हळूहळू त्याच्याकडे येते. जुन्या पंतोजीला किराणा दुकान चालवावे लागे, या मास्तराला वाडीचा सारा कागदी व्यवहार चालवावा लागतो. कारभाऱ्याचा विश्वास हाच त्याचा खरा नेमणुकीचा हुकूम आहे. अंजीसाठी आणलेल्या चोळीच्या कापडावरून तो विश्वास डळमळतो तेव्हा शाळेचेही अस्तित्व डळमळते. वाडी श्रमदानाने तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो, तो क्षण या नात्याचा उत्कर्षबिंदू आहे. शासनसंस्था आणि वाडी एकदाच समोरासमोर येतात. त्यानंतर दुष्काळ पडतो, मेंढरे घेऊन माणसे निघून जातात आणि शिकवायला कोणी उरत नाही.

खसाकमध्ये रवी येतो तो वेगळ्या कारणाने. वडिलांच्या संदर्भातील अपराधाची जाणीव मागे टाकू पाहणारा हा उच्चशिक्षित तरुण मलबार जिल्हा मंडळाची एकशिक्षकी शाळा पत्करतो. जमीनदार शिवरामन नायर भाताची रोपे राखण्यासाठी बांधलेली झोपडी, म्हणजे ‘ञाट्टुपुरा’, शाळेसाठी देतो. वस्तीत अल्लापिच्चा मोल्लाक्का यांची मदरशाची शाळा आधीपासून आहे. सरकारी शाळेने आपली मुले जातील या भीतीने मोल्लाक्का विरोध करतात आणि त्यांचाच एके काळचा लाडका, आता काझी म्हणवणारा निजाम अली शाळेची बाजू घेतो. म्हणजे येथे शाळा ज्ञान नसलेल्या ठिकाणी ज्ञान घेऊन येत नाही. एका शाळेशेजारी ती दुसरी शाळा म्हणून येते, आणि परुळेकर-हार्टोग वादातील ‘शाळा कशाला म्हणायचे’ हा प्रश्न वस्तीच्या पातळीवर नव्याने उभा राहतो. वयाने वाढलेला पण बुद्धीने मूल राहिलेला अप्पुक्किळी याचे नावही रवी पटावर घेतो. पटाच्या कसोटीवर ही नोंद निरर्थक आहे. वस्तीच्या दृष्टीने तीच शाळेची सर्वांत अर्थपूर्ण कृती ठरते. पुढे देवीची साथ येते आणि हजेरीपटावरील काही नावे मृत्यूने खोडली जातात.

६

या दोन कादंबऱ्यांना ‘आधुनिकता विरुद्ध परंपरा’ या सूत्रात बसवण्याचा मोह समीक्षेला नेहमी होतो. बाहेरून आलेला शिकलेला तरुण, अंधश्रद्ध वस्ती, संघर्ष आणि अखेर पराभव, असा हा साचा आहे. वर मांडलेला इतिहास पाहता हा साचा अपुरा वाटतो. शाळा बंद पडते ती परंपरेच्या विरोधामुळे नव्हे. बनगरवाडीत पाऊस पडत नाही म्हणून ती बंद पडते. शेकूच्या बायकोने बैलाच्या जागी स्वतःला नांगराला जुंपून घ्यावे, अशी जेथील अर्थव्यवस्था आहे तेथे शाळेचा पट हा पावसाचाच एक हिशोब असतो. हार्टोग समितीने ज्याला गळती म्हटले, तिचे कारण माडगूळकर एका शब्दानेही न सांगता दाखवतात.

दुसरी गोष्ट काळाची. ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली तेव्हा औंध संस्थान विलीन होऊन सात वर्षे झाली होती. ‘खसाक’ ग्रंथरूपाने आली तेव्हा जुना मलबार जिल्हा उरलेला नव्हता. १९५६ मध्ये केरळ राज्य झाले आणि १९५७ च्या प्रारंभी त्या जिल्ह्याचे तीन भाग झाले. ज्या शासनाने या शाळा उघडल्या ते शासनच नाहीसे झाल्यावर लिहिलेल्या अशा या कृती आहेत. मास्तराने ज्याला अहवाल पाठवायचा तो वरिष्ठच इतिहासजमा झाला. अशा वेळी कादंबरी ही त्या मास्तराची शेवटची, कोणाकडेही न पाठवलेली दैनंदिनी ठरते. माडगूळकरांची संयत, नोंदवजा वाक्ये आणि विजयन यांची पुराकथेकडे झुकणारी भाषा परस्परांपासून फार दूर आहेत. तरीही दोघांनी एकाच रिकाम्या जागेत लिहिले आहे.

तथापि साहित्याकडे वळल्याने दप्तरातील सर्व उणिवा भरून निघतात, असे मानणे चुकीचे होईल. दोन्ही कादंबऱ्यांत जाणिवेचे केंद्र मास्तर आहे. शाळेत बसलेल्या मुलांना शाळा कशी वाटली, हे आपल्याला फारसे कळत नाही. अंजी शाळेच्या पटावर कोठेच नाही आणि तिच्याविषयीचे सारे मास्तराच्या संकोचातून गाळून येते. खसाकमध्ये कुंञामिना ही विद्यार्थिनी आहे, परंतु तीही रवीच्या आठवणी आणि कल्पना यांच्या कक्षेतच वावरते. आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. तसराकची प्रत्यक्ष शिक्षिका ही एक स्त्री होती. कादंबरीत तिच्या जागी पुरुष आला आणि तिच्याबरोबर त्या वस्तीत राहणाऱ्या भावाची अस्वस्थता त्याला मिळाली. कलादृष्ट्या हा लेखकाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु एकशिक्षकी शाळेच्या इतिहासात स्त्री-शिक्षिकेचे स्थान शोधणाऱ्याने हे स्थलांतर विसरता कामा नये. खेड्यात एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेचे आख्यान या दोन्ही कृतींत नाही.

७

१९५५ किंवा १९६९ नंतर हा प्रश्न मिटला असता तर प्रस्तुत विवेचनाला केवळ पुराणवस्तूचे मोल राहिले असते. तसे झालेले नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात या शतकाच्या प्रारंभी वस्तीशाळा निघाल्या. केरळात डोंगराळ व आदिवासी भागांसाठी बहुश्रेणी अध्ययन केंद्रे चालवली गेली आणि लोक त्यांना ‘एकाध्यापक विद्यालयम्’ असेच म्हणत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि साठ मुलांपर्यंतच्या शाळेतही दोन शिक्षक असावेत, असे ठरवले. कायद्याच्या भाषेत प्रथमच वाडीचे मूल हा घटक झाला. तोवर गावाची लोकसंख्या हा घटक होता.

पण त्यानंतरच्या दशकात आकड्यांची भाषा पुन्हा परतली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आला. केरळात २०२२ मध्ये बहुश्रेणी केंद्रे बंद करण्यात आली आणि तेथे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांपैकी अनेकांना अन्य शाळांत सफाई कामगार म्हणून रुजू व्हावे लागले. २०२४-२५ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशात अजूनही १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा असून त्यांत सुमारे ३४ लाख मुले शिकतात. अ‍ॅडमचा एक लाखाचा आकडा मिथक होता की नव्हता, यावर विद्वानांनी शतकभर वाद घातला. आजचा एक लाखाचा आकडा मात्र शासनानेच दिलेला आहे.

एकत्रीकरणाच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद पोकळ नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सात मुलांच्या शाळेत मुलाला समवयस्क सोबती मिळत नाही. एक शिक्षक आजारी पडला की शाळा बंद राहते. चार इयत्तांना न्याय देणे भल्याभल्यांना साधत नाही. परंतु या युक्तिवादात ‘जवळची शाळा’ हे अंतर नकाशावर मोजलेले असते. ओढा, रान, पावसाळा आणि एकटीने जाणारी मुलगी यांची मोजदाद त्यात नसते. ही मोजदाद करणारे दस्तऐवज म्हणून कादंबरीकडे पाहता येते. बनगरवाडीच्या पहिल्याच पानांत मास्तराला जी पायपीट करावी लागते तीच उलट्या दिशेने वाडीतील मुलाला करावी लागणार असते, एवढे जरी वाचकाच्या ध्यानात आले तरी पुरे.

८

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकारच्या सामग्रीकडे वळावे, असे सुचवण्यामागे एक निश्चित हेतू आहे. भारतीय भाषांतील कृतींची तुलना आपण बहुधा प्रभाव, वाङ्मयप्रकार किंवा चळवळी यांच्या आधारे करतो. ‘बनगरवाडी’ आणि ‘खसाक’ यांच्यात यांपैकी कोणताही दुवा दाखवता येत नाही. त्यांना जोडते ती एक सामायिक संस्था. टपाल कचेरी, रेल्वे स्थानक, तालुक्याची कचेरी यांच्याप्रमाणेच एकशिक्षकी शाळा ही भारतभर एकाच नमुन्याने पसरलेली आणि प्रत्येक मुलखात निराळी होऊन बसलेली संस्था आहे. तिच्या आधाराने केलेली तुलना भाषांच्या सीमा ओलांडते आणि मुलखांचे वेगळेपणही बुजवत नाही. ओडिया, बंगाली, तमिळ आत्मचरित्रांतील पाठशाळांची वर्णने या दृष्टीने एकत्र वाचली गेली पाहिजेत. फकीरमोहन सेनापती आणि उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या आत्मकथनांत याविषयी विपुल सामग्री आहे. शिक्षकांच्या लॉगबुकांचे आणि हजेरीपटांचे वाचनही साहित्याच्या अभ्यासकाने परके मानू नये.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शाळा पुढे उघडली का? तसराकमधील ती भाताच्या रोपांची झोपडी आज विजयन यांचे स्मारक म्हणून जतन केली आहे. तेथे वाचक येतात, शिल्पे आणि चित्रे पाहतात. कादंबरीमुळे इमारत वाचली. बनगरवाडीच्या बाबतीत उत्तर संहितेतच आहे, असे मला आता वाटते. मास्तर आला तेव्हाही शाळा बंदच होती आणि तरी ती उघडली होती, कारण खात्याने एका माणसाला तिकडे पाठवले होते आणि वाडीने त्याला ठेवून घेतले होते. पाऊस आल्यावर मेंढरे परत येतात, माणसे परत येतात. मास्तराला परत पाठवायचे की नाही, हे मात्र वाडीच्या हातात नसते. पुढच्या वर्षी हा पाठ शिकवताना मी प्रादेशिकतेपासून सुरुवात करणार नाही. त्या मुलीच्या प्रश्नापासूनच करीन.